कुत्र्याचं वय, बैलाचा हिशेब

माणसं स्वतःचं वय लपवतात. मी एका कुत्र्याचं वय वाढवलं, तेही एकदम पाच वर्षांनी. ज्याचं वाढवलं त्याला तक्रार करता येत नव्हती आणि त्यापायी ज्या माणसाला मी मनातल्या मनात खोटारडा ठरवलं, त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा हे सांगायचं तर मलाच सांगायला हवं.

वाशीच्या घाऊक बाजारात एका धान्याच्या पेढीवर आलेला माल तपासून घ्यायचं काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. पोतं आलं की वरचे दाणे बघायचे नाहीत, हे पहिल्या आठवड्यात शिकलो. टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायची आणि आतलं धान्य तळहातावर घ्यायचं. वर टपोरा गहू आणि मधे खडे, वर नवी डाळ आणि आत किडकी. हे इतक्या वेळा पाहिलंय, की घरी पाहुण्यानं पेढे आणले तरी मी पुडा तळातून उचलून बघतो. बायको म्हणते, "तुमची ती नळी बाजारातच ठेवून येत जा हो."

करंजाड्याला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीपलीकडे मोकळे प्लॉट बरेच होते. संध्याकाळी मी तिथे चालायला जायचो. तिथेच मला तो भेटला. ग्रेट डेन जातीचा, बदामी रंगाचा, माझ्या कमरेच्या वर उंच. त्याला घेऊन गावठाणातले एक गृहस्थ यायचे. तिथले मूळचे शेतकरी. जमीन शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी तीन मजली घर बांधलं होतं. त्यांना सगळे शेठ म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या कुत्र्याची एक सवय होती. जवळ यायचा, पाठ वळवायचा आणि आपलं सगळं वजन माणसाच्या पायावर टाकून निवांत उभा राहायचा. पहिल्यांदा त्यानं माझ्यावर असा भार टाकला तेव्हा मी दोन पावलं मागे गेलो. शेठ हसले. "टेन्शन नाय भाऊ. आवडले तुमी त्याला."

काही महिन्यांनी शेठ काठी घेऊन यायला लागले. एक दिवस म्हणाले, "भाऊ, माझा गुडगा गेला. ह्यो खेचतो, मी पडतो. पोरगी लगीन होऊन गेली, घरात दुसरा कोन नाय त्याला फिरवनारा. तुमी घेता का?"

"किती वर्षांचा आहे?"

"चार वर्सांचा हाय. पोरीच्या हलदीला आनलेला ना, तवा दोन म्हैन्यांचा. घरी चला, फोटो दाखवतो. च्या घ्या."

पैसे नकोत म्हणाले. मी चहाला गेलो नाही. ज्याच्याकडे तीन मजली घर आहे तो चांगल्या जातीचा कुत्रा फुकट का देईल, हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला होता, आणि एकदा चहा घेतला की पुढे बोलता येत नाही, हे बाजारातलं ज्ञान होतं. कुत्रा मात्र घेतला. तो घ्यायचाच होता. त्याच्याबरोबर लशींची नोंद असलेलं एक छोटं पुस्तक मिळालं. इमारतीखाली पोचल्यावर पहिलं पान उघडलं, तर जन्मवर्षाचा शेवटचा आकडा दुसऱ्या पेनानं गिरवलेला.

मी ते पान उजेडाकडे धरून बघितलं. खालचा आकडा कळेना.

वर जाताना लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "काय काका, कुत्रा आणला का घोडा? लिफ्टची कपॅसिटी बघा जरा!" सगळे हसले, मीही हसलो, पण माझं लक्ष पुस्तकाच्या त्या पानाकडे होतं.

घरी आबा होते. आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडच्या गावातून तरुणपणी मुंबईत आले, आयुष्यभर माथाडी म्हणून पोती वाहिली. त्याआधी गावी दुसऱ्याच्या बैलांच्या मागे होते, आणि बैल या विषयात अजूनही त्यांचा शब्द शेवटचा. कुत्र्याला बघून ते खाटेवरून उठले. "आरं, हे कुत्रं हाय का खोंड?"

"चार वर्षांचा आहे म्हणतात."

"कोन म्हनतं?"

"देणारे म्हणाले. पुस्तकातही आहे."

आबांचा कागदावर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. शाळेत घालताना त्यांच्या आईला जन्मतारीख सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी एक जून टाकली. वर्ष अंदाजानं. त्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली. त्या एका ओळीवर आबा निवृत्त झाले, पेन्शन घेतात. पण त्यांच्या मते ती ओळ किमान तीन वर्षांनी चुकलेली आहे. "कागूद काय, लिवील तसा लिवतो," हे त्यांचं नेहमीचं.

"धर त्याचं तोंड," ते म्हणाले.

मी धरलं. कुत्रा शहाणा, गुरगुरला नाही. आबांनी अंगठ्यानं खालचा ओठ दुमडला आणि पुढचे दात निरखले. बैल घेताना असंच बघतात. वासराचे दुधाचे दात जोडीजोडीनं पडतात आणि पक्के येतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे पक्के आले की बैल जुळला म्हणायचं. त्याला पाचेक वर्षं लागतात. त्यानंतर दातांची धार किती झिजली यावर पुढची वर्षं मोजायची.

आबांनी ओठ सोडला आणि हात धोतराला पुसले.

"जुळलाय की रं ह्यो. येक बी दुधाचा न्हाय. आन टोकं बघ, घासून सपाट झाल्यात. आठाच्या आत न्हाय. नऊ धर. फसिवला तुला."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझी नळी बरोबर जागी लागली होती. फुकट का दिला, आकडा का गिरवला, तोंडाभोवतीचे केस एवढ्यात पांढरे का, सगळ्याचं एकच उत्तर मिळालं. म्हातारं कुत्रं माझ्या गळ्यात मारलं. बायको म्हणाली, "अहो आबा, ते बैलाचे दात बघण्याचं कुत्र्याला चालतं का?" आबा म्हणाले, "जनावर ते जनावर." विषय तिथे संपला.

लस द्यायला त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता दिसला. डावीकडे कुत्र्याची वर्षं, पुढे लहान, मध्यम, मोठी आणि खूप मोठी जात, आणि प्रत्येक रकान्यात माणसाची वर्षं. एका वर्षाला सात वर्षं हा सरसकट हिशेब मी ऐकलेला होता. तो खरा नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. छोटं कुत्रं बाराव्या वर्षी साठीच्या घरात असतं, तर खूप मोठं आठव्यातच साठी ओलांडतं. जेवढं शरीर मोठं तेवढं आयुष्य घाईचं. मी शेवटच्या रकान्यात बोट खाली नेलं. चारला मधली पस्तिशी. नवाला सत्तरीच्या पुढचा आकडा.

म्हणजे शेठचं खरं असेल, तर माझ्या घरात माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान कोणी आला होता. आबांचं खरं असेल, तर आबांच्या बरोबरीचा. मी आबांचं खरं धरलं.

त्या वर्षभरात त्यानं मला खोटं पाडायचे बरेच प्रयत्न केले. मोकळ्या प्लॉटवर तो असा पळायचा की मागे धूळ राहायची. एकदा गाड्यावरचा नारळ उचलून आणला आणि अर्धा तास मला हात लावू दिला नाही. मी बायकोला म्हणालो, म्हातारपणी काही जणांना असं खूळ लागतं. तो माझ्या पायावर भार टाकायचा तेही मी आता वेगळं वाचू लागलो. बिचाऱ्याला उभं राहवत नाही.

आणि मग तो लंगडायला लागला.

मागचा उजवा पाय. पळता पळता एकदम थांबला, पाय उचलून धरला. दुसऱ्या दिवशी टेकवत होता, पण नुसत्या बोटांवर. बसला की तो पाय बाजूला लांब करून बसायचा. आठवड्यानं मी त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पाय पुढेमागे हलवून पाहिला, कुत्र्यानं माझ्या मांडीत तोंड खुपसलं.

"गुडघ्यातला लिगामेंट गेला असावा. भूल देऊन एक्स-रे काढावा लागेल, तसंच असेल तर ऑपरेशन. मोठ्या कुत्र्यांत होतं हे. वय काय?"

"दहा."

त्यांनी पुस्तक उघडलं. "इथल्या जन्मवर्षावरून पाच होतात."

"त्याच्यावर जाऊ नका. तो आकडा गिरवलेला आहे, बघा तुम्हीच. ज्यांनी दिला त्यांनी वय कमी सांगितलं. आमच्या घरी जाणकार माणूस आहे, दात बघून सांगितलंय."

जाणकार माणूस कोण, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी तक्त्याकडे नजर टाकली. दहा म्हणजे ऐंशी. "या जातीत दहा म्हणजे फार झालं," त्या म्हणाल्या. "मग भूल द्यायला मला जरा भीती वाटते. आधी गोळ्या देऊन बघू, पळू देऊ नका. पंधरा दिवसांनी परत आणा, तेव्हा नीट तपासून ठरवू."

मी पंधरा दिवसांनी नेलं नाही. गोळ्या संपल्या की त्याच आणत राहिलो. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपण टेबलावर चढवतो का, असं स्वतःला विचारायचो. उत्तर तयारच असायचं. मला दवाखान्यांची भीती आहे. आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली ती परत आली नाही, आणि सही माझी होती. ती सही पुन्हा करायची नव्हती. कुत्रा म्हातारा असला तर मला ती करावी लागणार नव्हती. शेठ खोटं बोलले असतील तर मी सुटत होतो. संशय मला इतका सोयीचा यापूर्वी कधी पडला नव्हता, आणि म्हणूनच मी त्या संशयावर संशय घेतला नाही.

असे पाच महिने गेले. पाय बारीक होत गेला. डाव्या मांडीपेक्षा उजवी मांडी निम्मी दिसू लागली. तो आता माझ्या पायावर भार टाकायचा तेव्हा खरंच आधारासाठी टाकायचा.

एक दिवस बाजारातून आलो तर बायको आणि कुत्रा दोघं घरात नाहीत. आबा म्हणाले, "टेंपो केला तिनं. दवाखान्यात नेलाय." ती आली ती चप्पल न काढता बोलायला लागली.

"बाई म्हणाल्या, कुत्र्याचे पक्के दात सातव्या-आठव्या महिन्यातच सगळे येतात. बैलासारखं पाच वर्षं नाही लागत. झीज म्हणजे काहीतरी टणक चावत असेल, आणि या जातीचं तोंड लवकर पांढरं होतं. डोळे अजून स्वच्छ आहेत त्याचे, म्हणाल्या, दहाचा नाही वाटत. जाणकार कोण आहेत, विचारत होत्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, सासरे. बैलांचे तज्ज्ञ."

आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग बायको मला म्हणाली, "ज्यांनी दिला त्यांच्याकडे जा. आणि भांडायला जाऊ नका, विचारायला जा."

मी मात्र पकडायलाच गेलो. रविवारची दुपार होती. कुत्र्याला गाडीत घालून बरोबर नेलं, का ते माहीत नाही. साक्षीदार म्हणून असावं. खिशात ते पुस्तक. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आकडा गिरवला कुणी, हे आधी विचारायचं.

शेठच्या घराच्या फाटकाशी कुत्रा थांबला. फाटकाला आडव्या लोखंडी सळ्या होत्या, सगळ्या काळ्या रंगाच्या. फक्त त्याच्या तोंडाच्या उंचीची एक सळई तेवढी रंग उडून चकचकीत झाली होती, हातभर लांबीची. त्यानं नाक पुढे केलं आणि तीच सळई दातांत धरली, सवयीनं, जणू मधे दीड वर्ष गेलंच नव्हतं.

"सोड रे, सोड!" ओट्यावरून शेठ ओरडले. "पोरगी सासरी गेली तवापासून ह्यो हेच करायचा. पूर्न दिवस गेट चावत बसायचा. दात घासून घेतले येड्यानं." मग त्यांनी त्याला लंगडत आत येताना पाहिलं. काठी टेकत ते खाली आले. कुत्रा तीन पायांवर उड्या मारत त्यांच्याकडे गेला आणि नेमका त्यांच्या अधू गुडघ्यावर भार टाकून उभा राहिला. शेठ भिंतीला टेकले, पण त्यांनी त्याला बाजूला केलं नाही.

"पायाला काय झाला?"

मी उत्तराऐवजी पुस्तक काढलं. "हा आकडा गिरवलेला आहे."

"हा मग. पावसात भिजला होता. पुसट झाला, पोरीनं गिरवला." त्यांना प्रश्नाचा रोख कळला नाही, किंवा कळू द्यायचा नव्हता. "का? काय झाला?"

"वय नक्की करायचं होतं. डॉक्टर विचारतायत."

"सांगितला होता ना तुमाला. थांबा."

ते आत गेले आणि मोठा जाड अल्बम घेऊन आले. ओट्यावर बसून पानं उलटली. मांडव, पिवळ्या साड्यांतल्या बायका, पाटावर बसलेली मुलगी, गाल आणि दंड हळदीनं माखलेले. तिच्या मांडीत बदामी रंगाचं एक पिल्लू. ओठांची कातडी लोंबती, पंजे अंगाला न शोभणारे मोठे. कुणीतरी त्याच्याही कपाळावर हळद चोपडली होती. पानाच्या कोपऱ्यात छापलेली तारीख होती. मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. पाच वर्षं आणि सात महिने, त्यात पिल्लाचे दोन महिने धरून.

"पोरीला पन लावली, त्याला पन लावली," शेठ म्हणाले. "म्हनलं, ह्याचा पन लगीनच हाय."

मी हसलो नाही. तो फोटो दीड वर्षापूर्वी मला ते दाखवत होते. एका चहाच्या अंतरावर होता.

"पाय कधीपासून?" त्यांनी विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. आठवडा झाला म्हणालो असतो तर कोण तपासणार होतं. "पाच महिने," मी म्हणालो.

"पाच म्हैने? आनि आपरेशन नाय केला?"

"मला वाटलं म्हातारा आहे. तुम्ही सांगितलं त्यावर मी विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, तुम्ही वय कमी करून दिलात."

शेठ बराच वेळ कुत्र्याचा कान बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मना विकायचा असता तर वय कमी सांगितला असता. फुकट द्यायला कशाला कमी सांगू?"

एवढा साधा हिशेब. सत्तावीस वर्षं माल तपासणाऱ्या माणसाला तो जमला नव्हता. आतून चहा आला. या वेळी मी घेतला. शेठनी त्यांचा कप हातात धरला आणि तसाच ओट्यावर ठेवला.

ऑपरेशन आठवड्याभरात झालं. सही मी केली. डॉक्टरबाईंनी पॅड धरून ठेवलं. भुलीतून तो उठला, अर्धवट डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शेपटी एकदा फरशीवर आपटली. बाई म्हणाल्या, काम चांगलं झालंय, चालेल, हळूहळू पळेलही. "पण सांधा झिजलाय. तुम्ही पंधरा दिवसांनी आणला असता तर मी स्वतः पाहिलं असतं. आता थोडं लंगडणं राहील." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आबा आता रोज संध्याकाळी त्याच्या मांडीला तेल चोळतात. बाईंनी सांगितलेला व्यायाम, पाय दुमडायचा, सोडायचा, तेच मोजून करून घेतात. एकदा मी विचारलं, "आबा, तुमचं खरं वय किती हो?" ते मान वर न करता म्हणाले, "दात बघून सांगायचं म्हनशील तर हे वाशीच्या डॉक्टरनं बशिवल्यात. माझं आता कुनालाच कळायचं न्हाय." थोड्या वेळानं, पायाकडेच बघत, "कागूद येकदा खरा निघाला. ह्याच्या येळंला." त्याहून जास्त ते या विषयावर बोललेले नाहीत.

शेठ दर रविवारी प्लॉटवर येऊन बाकावर बसतात. कुत्रा लंगडत त्यांच्याकडे जातो. ते त्याला चालवून बघतात, पाय नीट पडतोय का ते पाहतात. माझ्याशी बोलतात, हवापाणी, नवे रस्ते, सगळं. पण कुत्रा घरी कसा आहे, काय खातो, हे ते माझ्या बायकोला विचारतात. मी जे सांगेन ते त्यांना पुरत नाही. त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो. नव्या मुलीनं अर्ज भरताना वय विचारलं. मी सहा वर्षं आणि वर किती महिने तेही सांगितलं. ती म्हणाली, "एवढं अचूक कुणालाच माहीत नसतं, काका." बाई येईपर्यंत मी तक्त्यासमोर उभा राहिलो. शेवटच्या रकान्यात सहाला जवळजवळ पन्नास होते, म्हणजे माझा पाठचा भाऊ. मग मी सहाच्या आणि पाचच्या आकड्यांतलं अंतर काढलं. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली सातेक वर्षं. तेव्हा पाच महिने म्हणजे तीन वर्षं, थोडी कमी.

माझ्या संशयापायी तो तीन वर्षं दुखऱ्या पायावर चालला.

त्यानं तेव्हा पाठ वळवली आणि माझ्या पायावर भार टाकला. उजवीकडून थोडा कमी. मी गुडघे घट्ट केले आणि बाईंनी नाव पुकारेपर्यंत हललो नाही.